वेलिंग्टनची अंत्ययात्रा

इसवी सन १८५२ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १८ तारखेस ड्यूक ऑफ वेलिंग्टन याचें शव लंडनच्या रस्त्यांतून मोठ्या समारंभानें सेंट पॉलच्या प्रार्थनामंदिरांत नेण्यांत आलें. या प्रसंगाचीं वर्णनें इंग्रजी ग्रंथांतून व वर्तमानपत्रांतून इतक्या बारकाईनें आलेलीं आहेत कीं, कोणत्या रस्त्यावरून कोण कोणामागून गेलें हें आजहि घरबसल्या सांगतां येतें. एवढ्या तपशिलाशीं आपल्याला काय कर्तव्य, असें कोणी विचारील. आणि हाच प्रश्न मीहि पुष्कळ वर्षें मनांत बाळगून होतों. वाटर्लूनंतरचा ड्यूक विद्यार्थ्यांना कंटाळवाणा वाटतो, आणि खरें सांगावयाचें तर शिकविणारालाहि वाटतो. परंतु हा मनुष्य चौतीस वर्षांचा असतांना आपल्या भोकरदनाजवळ असईच्या रानांत लढला होता. आणि रणांगणावर आपल्या हातून झालेलें सर्वांत उत्तम काम कोणतें, असें त्याला पुढें एकानें विचारलें तेव्हां त्यानें वाटर्लूचें नांव न घेतां 'असई' एवढाच शब्द उच्चारला होता. ज्या दुसऱ्या बाजीरावाला त्यानें १८०३ त पुण्याच्या गादीवर परत नेऊन बसविलें, तो बाजीराव ड्यूकच्या आधीं अवघे वीस महिने ब्रह्मावर्तीं वारला होता. एकाच राज्यसत्तेनें इतक्या थोड्या अंतरानें या दोन मृत्यूंची व्यवस्था कशी लावली, हें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे लंडनची ती अंत्ययात्रा मुळींच कंटाळवाणी राहत नाहीं.

ड्यूकला मरण आलें तें १४ सप्टेंबर रोजीं, केंट परगण्यांतील वॉल्मर येथील समुद्रकांठच्या किल्ल्यांत. वय त्र्यांशीं वर्षांचें. सकाळीं प्रकृति बिघडली, जवळच्या गांवचा वैद्य बोलावला गेला, आणि दुपारीं आरामखुर्चींत बसल्या बसल्याच सर्व आटोपलें. ती खुर्ची व तिच्या शेजारची लढाईच्या मुक्कामांत वापरावयाची अरुंद खाट तेथें अजून जपून ठेविली आहे. दोनदां मुख्य प्रधान झालेला, अर्ध्या युरोपच्या राजांनीं पदव्यांनीं मढविलेला हा मनुष्य अखेरपर्यंत त्या शिपायाच्या खाटेवर निजत असे. त्याच्या या राहणीस साजेसा अंत्यविधि करावयाचा असता तर तो आठ दिवसांत उरकला असता.

परंतु तो उरकावयास नऊ आठवडे लागले. व्हिक्टोरिया राणी त्या वेळीं स्कॉटलंडांत बालमोरल येथें होती. केवळ राणीच्या हुकमानें हा विधि करण्यापेक्षां त्यांत पार्लमेंटच्या दोन्ही सभांचा, म्हणजे साऱ्या राष्ट्राचा, हात लागावा असें ठरलें. आणि पार्लमेंट तर नोव्हेंबरांत भरावयाची होती. तोंवर शिशाच्या पेटींत बंद केलेलें तें शव वॉल्मरच्या त्याच लहानशा खोलींत पहाऱ्यांत पडून राहिलें. मृताच्या सोयीपेक्षां जिवंतांच्या सोयीनें विधीचा मुहूर्त ठरतो, हें आपल्याकडे कांहीं नवें नाहीं. पण दोन महिने थांबण्याला जें कारण सांगितलें गेलें त्याच्या मागें आणखी एक न सांगितलेलें कारण उभें होतें, आणि तें इंग्लिश खाडीच्या पलीकडे होतें.

बारा वर्षांपूर्वीं, १८४० च्या डिसेंबरांत, फ्रेंचांनीं नेपोलियनच्या अस्थि सेंट हेलेना बेटावरून पॅरिसला आणून तिचा असा कांहीं सोहळा केला होता कीं, पराभूत सेनापतीहि विजेत्यासारखा दिसावा. पुढें त्याचाच पुतण्या लुई नेपोलियन यानें १८५१ च्या डिसेंबरांत सैन्याच्या बळावर फ्रान्सची सत्ता हस्तगत केली. ड्यूकची अंत्ययात्रा झाली ती गुरुवारीं. त्यानंतरच्या रविवारीं व सोमवारीं साम्राज्याची पुनःस्थापना करावी किंवा नाहीं यावर फ्रान्सांत लोकमत घेण्यांत आलें, आणि २ डिसेंबर रोजीं तो तिसरा नेपोलियन म्हणून बादशहा झाला. अशा वेळीं पहिल्या नेपोलियनला हरविणारा सेनापति निजधामास जावा, आणि इंग्लंडनें त्याला गुपचूप पुरून टाकावें, हें कोणत्याहि मुत्सद्द्याला पटलें नसतें. लॉर्ड डर्बीच्या दुबळ्या प्रधानमंडळाला तर मुळींच पटलें नसतें. कारण कॉमन्स सभेंत त्याला स्वतःचें बहुमतहि नव्हतें, आणि ज्या प्रसंगीं विरोधकांना टोपी काढून उभें राहावेंच लागतें असा प्रसंग दुबळ्या प्रधानाला देवानें दिल्यासारखा वाटतो.

या घाईगर्दीच्या भक्तींत एक मजेदार गोष्ट घडली. कॉमन्स सभेंत ड्यूकच्या गौरवाचें भाषण करण्याचें काम त्या वेळचा अर्थमंत्री डिझरायली याच्याकडे होतें. भाषण उत्तम झालें. पण दोनच दिवसांत एका वर्तमानपत्रानें दाखवून दिलें कीं, त्यांतला सेनापतीच्या गुणांविषयींचा मोठा उतारा थिएर या फ्रेंच मुत्सद्द्यानें एका फ्रेंच मार्शलविषयीं लिहिलेल्या मजकुरावरून जवळ जवळ जसाच्या तसा उचललेला होता! वाटर्लूच्या वीराची स्तुति नेपोलियनच्या एका सरदाराच्या मापानें बेतलेल्या वस्त्रांत झाली, आणि तें वस्त्र ड्यूकला नीट बसलें, हें विशेष. राष्ट्राच्या नांवानें बोलणारें भाषण बहुधा असेंच कोणालाहि बसण्याजोगें असतें. चोरी उघडकीस आली म्हणून या एकाचें नांव राहिलें इतकेंच.

ज्याला राष्ट्राचा पुरुष म्हणून गौरविलें जात होतें तो वीस वर्षांपूर्वीं कोणाचा होता? ड्यूक १८२८ त मुख्य प्रधान झाला तो टोरी पक्षाचा म्हणून. १८३० च्या नोव्हेंबरांत लॉर्ड्स सभेंत त्यानें सांगितलें कीं, देशाची प्रतिनिधि निवडण्याची चालू पद्धति इतकी चांगली आहे कीं तींत सुधारणेला जागाच नाहीं. आणि पंधरवड्याच्या आंत त्याचें प्रधानमंडळ कोसळलें. १८३१ च्या एप्रिलांत सुधारणेच्या बाजूच्या जमावानें त्याच्या घराच्या खिडक्यांवर दगड मारले. त्या दिवशीं आंत त्याच्या बायकोचें प्रेत होतें. तिला जाऊन तीनच दिवस झाले होते. पुढें पुन्हा दगडफेक झाल्यावर त्यानें खिडक्यांना लोखंडी झडपा बसवून घेतल्या. १८३२ च्या जूनच्या १८ तारखेस, म्हणजे वाटर्लूच्या बरोबर वाढदिवशीं, तो घोड्यावरून शहरांतून परत येत असतां जमाव त्याच्या मागें लागला. शिव्याशाप, चिखल, दगड यांचा वर्षाव चालला असतां तो सरळ पुढें पाहत पावलापावलानें घोडा चालवीत घरीं आला. वाटेंत दोघे म्हातारे पेन्शनर शिपाई त्याच्या रिकिबीशीं येऊन चालूं लागले, असें सांगतात. १८४८ त चार्टिस्ट कामगारांचा मोठा मोर्चा निघणार म्हणून लंडनच्या बंदोबस्ताची योजना ज्यानें आखली तोहि हाच ड्यूक. त्या दिवशीं सरकारच्या बाजूनें खास शिपाई म्हणून नांव नोंदविलेल्या सभ्य गृहस्थांत लुई नेपोलियनहि होता, हा इतिहासाचा एक खोडकरपणा.

याच लंडननें १८५२ त त्याला खांद्यावर घेतलें. त्याला लोकांचा चंचलपणा म्हणून मोकळें होतां येईल, पण तें पुरेसें नाहीं. म्हातारा आता कोणाच्या आड येत नव्हता. निवडणुकीच्या सुधारणेचा कायदा होऊन वीस वर्षें झालीं होतीं आणि तो बुडवील असें भय उरलें नव्हतें. मनुष्य निरुपद्रवी झाला कीं तो सर्वांचा होतो; मेला कीं अधिकच होतो.

शव १० नोव्हेंबरला आगगाडीनें लंडनला आणून चेल्सी येथील शिपायांच्या आश्रमांत दर्शनासाठीं ठेविलें. काळ्या मखमलीनें मढविलेला दिवाणखाना, मेणबत्त्यांच्या रांगा, चहूं बाजूंस निश्चल उभे शिपाई. दर्शनाला जी गर्दी लोटली तींत चेंगरून कांहींजणांचा जीव गेला. इकडे वर्तमानपत्रांतून जाहिराती झळकत होत्या: अमुक रस्त्यावरची खिडकी भाड्यानें देणें आहे, अमुक दुकानाच्या माडीवर इतक्या खुर्च्या आहेत, फराळाची सोय आहे. ज्यांच्याकडे ड्यूकच्या हातचें एखादें पत्र होतें त्यांनीं तें विकावयास काढलें. चार्ल्स डिकन्सनें आपल्या साप्ताहिकांत या जाहिराती एकत्र करून छापल्या आणि मृत्यूचा हा व्यापार लोकांपुढें मांडला. त्याचा मुख्य आक्षेप मात्र खिडक्यांच्या भाड्यावर नव्हता. गरीब माणसें आधींच प्रेतसंस्काराच्या डामडौलापायीं कर्जांत बुडतात, त्यांना या चालीपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न कांहीं विचारी लोक करीत आहेत, आणि अशा वेळीं खुद्द सरकारच सर्वांत मोठा डामडौल करून त्यांना कित्ता घालून देतें, असें त्याचें म्हणणें होतें. तेराव्याच्या जेवणासाठीं जमीन गहाण टाकणारा कुणबी ज्यानें पाहिला आहे त्याला डिकन्सचा हा राग चटकन समजेल.

पण खरा डामडौल म्हणजे तो प्रेतरथ. हा रथ कांशाचा होता. त्यांतलें कांहीं कांसें वाटर्लूवर हस्तगत केलेल्या तोफा वितळवून मिळविलें असें सांगतात. सहा चाकें, बारा काळे घोडे, वजन अठरा टन. राणीचा पति आल्बर्ट याच्या देखरेखीखालीं तो सुमारें तीन आठवड्यांत घडविला गेला. त्याच्या रचनेंत हात असलेला गॉटफ्रीड सेंपर हा जर्मन शिल्पकार तीनच वर्षांपूर्वीं ड्रेस्डेनच्या बंडांत राजाच्या सैन्याविरुद्ध मोर्चे बांधून देशोधडीस लागलेला! बंडवाल्यांना आयुष्यभर दांतओठ खाऊन विरोध करणाऱ्या ड्यूकची तिरडी एका बंडवाल्यानें बांधली, हें ड्यूकला कळतें तर तो काय म्हणाला असता कोण जाणे. कदाचित् काम नीट झालें आहे का एवढेंच विचारता. तें नीट झालें नव्हतें. आदल्या रात्रीं मुसळधार पाऊस पडला होता. मॉल रस्त्यावर त्या जड रथाचीं चाकें जमिनींत रुतलीं, घोड्यांना तीं हलेनात, आणि अखेर माणसांनीं दोर लावून रथ ओढून काढला. शहराच्या वेशीची कमान ठेंगणी असल्यामुळें रथावरचा चांदवा यंत्रानें खालीं घ्यावा लागला. सेंट पॉलच्या दाराशीं पोंचल्यावर पेटी रथावरून उतरविण्याचें यंत्र अडलें, आणि तासाहून अधिक वेळ उघड्या दारांतून आंत येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यांत आंतली हजारों मंडळी कुडकुडत बसली. ज्या सेनापतीची सारी कीर्ति दाणावैरण, बैल, गाड्या आणि नदीचे उतार यांच्या चोख व्यवस्थेवर उभी होती, त्याच्या अंत्ययात्रेची गाडी सपाट राजरस्त्यावर रुतावी, यापेक्षां बोलकी टीका कार्लाइललाहि लिहितां आली नसती. आणि त्यानें त्या रथाविषयीं कांहीं कमी कडक लिहिलेलें नाहीं.

यात्रा मात्र भव्य होती हें मान्य केलें पाहिजे. सैन्याच्या प्रत्येक पलटणीचीं माणसें तींत होतीं. ड्यूकच्या वयाच्या वर्षांइतके, म्हणजे त्र्यांशीं, चेल्सीचे पेन्शनर शिपाई पायीं चालले होते. वीस वर्षांपूर्वीं त्याच्या रिकिबीशीं चालणाऱ्या त्या दोघांची ही जणूं वाढलेली पंगत. शेवटीं त्याचा रिकामा घोडा, रिकिबींत बूट उलटे अडकविलेले. निरनिराळ्या राजांनीं त्याला आपल्या सैन्याचा फील्ड मार्शल केलें होतें. ते सेनापतीचे दंड गाद्यांवर ठेवून त्या त्या देशांचे अधिकारी चालले होते. ऑस्ट्रियानें मात्र कोणाला पाठविलें नाहीं. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या हायनाउ नांवाच्या क्रूर सेनापतीला लंडनच्या एका दारूभट्टीवरील गाडीवानांनीं बदडून काढलें होतें, तो राग त्यांच्या मनांत होता. फ्रान्सतर्फे आला तो राजदूत काउंट वालेव्हस्की, म्हणजे पहिल्या नेपोलियनचाच अनौरस पुत्र. जावें कीं न जावें या विवंचनेंत तो असतां रशियाच्या वकिलानें त्याला म्हटलें कीं, त्याला जिवंत करण्याचा विधि असता तर न जाणें समजूं शकलों असतों, पण हा तर त्याला पुरण्याचा आहे, अशी आख्यायिका आहे.

ज्या पिकॅडिलीवरील घराच्या खिडक्या लोकांनीं फोडल्या होत्या त्या घरावरूनच रथ गेला. दहा लाखांवर लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे होते आणि रथ जवळ येतांच डोक्यावरच्या टोप्या उतरत होत्या. दंगा झाला नाहीं. सरकारला ड्यूकविषयीं जें दुःख होतें तें होतेंच, पण चार वर्षांपूर्वीं ज्या गर्दीच्या भयानें तोफा आणून ठेविल्या त्याच गर्दीला असें मुकाट उभें राहिलेलें पाहून वाटलेलें समाधान त्याहून कमी नसावें.

सेंट पॉलमध्यें प्रार्थना झाल्यावर पेटी तळघरांत उतरविली आणि राजचिन्हांच्या अधिकाऱ्यानें मृताच्या पदव्या मोठ्यानें वाचल्या. ती यादी संपतां संपेना. माझें लक्ष या यादीकडे नेहमीं खिळून राहतें. वेलिंग्टन, डूरो, टालाव्हेरा, सिउदाद रोद्रिगो, व्हिमेइरो, टोरेस व्हेद्रास, वाटर्लू: स्पेन, पोर्तुगाल आणि बेल्जम यांतलीं रणक्षेत्रें व नद्या त्याच्या नांवाला पदव्या होऊन चिकटल्या होत्या. या यादींत असई नाहीं, अडगांव नाहीं, गाविलगड नाहीं. दक्षिणेंतील साऱ्या पराक्रमाबद्दल त्याला १८०४ त 'नाइट ऑफ द बाथ' एवढा मान मिळाला. गांवाचें नांव पदवींत आलें नाहीं. भारतांतला सेनापति हा नेपोलियनच्या लेखीं केवळ 'शिपायांचा सेनापति' होता, आणि ही हेटाळणी इंग्लंडमधल्या लष्करी वर्तुळांतहि कांहीं कमी नव्हती. १८०५ च्या सप्टेंबरांत तो भारतांतून नुकताच परतला असतां सरकारी कचेरीच्या बाहेरच्या खोलींत त्याची व नेल्सनची एकदांच गांठ पडली. प्रथम नेल्सनला हा कोण तें समजलेंच नाहीं. पुढच्याच महिन्यांत नेल्सन ट्रफाल्गारला पडला. सत्तेचाळीस वर्षांनीं ड्यूकची पेटी सेंट पॉलच्या तळघरांत नेल्सनच्याच समाधीवर ठेविली गेली आणि स्वतःची समाधि तयार होईपर्यंत तेथेंच राहिली.

आतां असईकडे वळतों, कारण ड्यूकचें स्वतःचें मत काय होतें हें समजल्याखेरीज त्या यादींतली उणीव कळावयाची नाहीं. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांचें सैन्य केळणा नदीच्या पलीकडे पडलें आहे असें त्याला अचानक आढळलें. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी तुकडी दुसऱ्या दिवशीं येऊन मिळणार होती. तिची वाट न पाहतां लढण्याचें त्यानें ठरविलें. वाटाड्ये म्हणाले, इकडे नदीला उतार नाहीं. त्यानें दुर्बिणींतून पाहिलें तों नदीच्या दोन्ही कांठांवर समोरासमोर दोन गांवें दिसलीं. दोन गांवें अशीं समोरासमोर वसलीं आहेत त्या अर्थी मधून जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असें त्यानें ताडलें, आणि सैन्य तिकडे वळविलें. उतार निघाला. नदी ओलांडतांना त्याच्या शेजारच्या स्वाराचें डोकें तोफेच्या गोळ्यानें उडालें. पलीकडे गेल्यावर त्याला जें दिसलें त्याची त्यानें अपेक्षा केली नव्हती: पोहलमानच्या हाताखालील शिंद्यांच्या कवायती पलटणींनीं गोळीबाराच्या छायेंत आपला सगळा मोर्चा फिरवून त्याच्यासमोर नवी फळी उभी केली होती. शिंद्यांचे गोलंदाज तोफांवरच मेले. जे मेले असें वाटलें त्यांतले कांहीं उठून पाठमोऱ्या इंग्रज फळीवर पुन्हा तोफा डागूं लागले. संध्याकाळीं ड्यूकच्या हातीं अठ्ठ्याण्णव तोफा लागल्या, पण त्याचे मृत व जखमी मिळून सोळाशेंच्या आसपास झाले, आणि एवढ्या लहान सैन्याला हा आंकडा भयंकर होता. त्यांत मद्रासचे शिपाई पुष्कळ होते. रात्रीं तो तेथेंच उघड्यावर पडला. झोंप लागे, आणि आपले सर्व स्नेही मेले या स्वप्नानें पुन्हा पुन्हा जाग येई, असें त्यानें पुढें सांगितलें आहे.

त्या दिवशीं त्याच्या बाजूस घोड्यावर असलेला एक चोवीस वर्षांच्या आंतला तरुण म्हणजे मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. ज्याच्या नांवाच्या विद्यालयांत मुंबईच्या पहिल्या दोन पिढ्या शिकल्या, आणि ज्याचा भारताचा इतिहास वाचून आमचे वडीलधारे इतिहास शिकले, त्यानें महाराष्ट्राचें पहिलें मोठें दर्शन घेतलें तें असईच्या धुरांतून. इंग्रजांनीं असई विसरली असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. ज्या पलटणी तेथें लढल्या त्यांच्या निशाणांवर तिचें नांव आहे. पण राष्ट्रानें आपला नायक म्हणून जो मनुष्य घडवून सेंट पॉलमध्यें ठेविला तो युरोपांत जन्मलेला होता. त्याचा पहिला जन्म दक्षिणेंत झाला होता, ही गोष्ट पदव्यांच्या यादींतून गळून पडली.

आणखीहि कांहीं गळलें, आणि तें इंग्लंडचेंच होतें. माझ्या मतें ड्यूकची राज्यकारभारांतील सर्वांत मोठी दोन कामें म्हणजे त्याच्या दोन माघारी. १८२९ त त्यानें स्वतः मनापासून कधीं न मानलेला कॅथॉलिकांच्या हक्कांचा कायदा आपल्याच पक्षाच्या व राजाच्या इच्छेविरुद्ध पार पाडला. कारण नाहीं तर आयर्लंडांत यादवी माजेल हें त्याला दिसत होतें, आणि यादवी म्हणजे काय हें त्याच्या इतकें कोणास ठाऊक नव्हतें. त्यापायीं एका सरदाराशीं साठीच्या उंबरठ्यावर पिस्तुलाचें द्वंद्वयुद्ध करण्याची पाळी त्याच्यावर आली. १८४६ त धान्यावरील जकातीचे कायदे रद्द करावयाचे होते; तेंहि त्याला पटलेलें नव्हतें, पण पीलच्या सरकारासाठीं त्यानें लॉर्ड्स सभा वळवून घेतली. ढोल, निशाणें, तोफा हें सर्व मिरवितां येतें. जिथें हट्ट धरला असता तर रक्त सांडलें असतें तेथें एका हट्टी म्हाताऱ्यानें हट्ट सोडला, हें कोणत्या रथावर कोरावयाचें? आपल्याकडे ३१ जानेवारी १९४८ रोजीं महात्माजींची अंत्ययात्रा लष्कराच्या व्यवस्थेनें, लष्कराच्या गाडीवरून, तिन्ही दलांच्या जवानांनीं दोर ओढीत, वरून विमानांनीं फुलें उधळीत निघाली. त्या दिवशींच्या दुःखांत कोणी दुसरें काय करणार होतें? पण राज्याजवळ आदर दाखविण्यासाठीं एकच भाषा असते, आणि मृत मनुष्य ती बोलत होता कीं नाहीं याची चौकशी राज्य करीत नाहीं.

आतां दुसरा मृत्यु. १८०२ च्या अखेरीस होळकरापुढें हार खाऊन बाजीराव वसईला इंग्रजांच्या आश्रयास गेला व तहावर सही करून बसला. त्याला पुण्यास परत आणण्यासाठीं एप्रिल १८०३ त जी फौज तांतडीनें पुण्यांत आली तिचा सेनापति आर्थर वेलस्ली, हाच पुढचा ड्यूक. मे महिन्यांत बाजीराव गादीवर बसला. या मनुष्याविषयीं माझ्या मनांत प्रेम नाहीं. भित्रेपणा, संशयीपणा आणि कृतघ्नता यांचा त्याच्या कारभारांत असा मिलाफ झाला होता कीं, १८१८ त त्यानें माल्कमच्या स्वाधीन होऊन सालिना आठ लाखांच्या नेमणुकीवर ब्रह्मावर्ताची वाट धरली तेव्हां पुष्कळांनीं निःश्वास टाकला असेल. पण तीस-बत्तीस वर्षें तो तेथें जगला आणि १८५१ च्या जानेवारींत वारला, त्या वेळीं तो एका मोठ्या राष्ट्राचा शेवटचा मुख्य प्रधान होता, ही गोष्ट त्याच्या अवगुणांनीं नाहींशी होत नाहीं. गव्हर्नर जनरल डलहौसीनें या मृत्यूकडे हिशेबनिसाच्या दृष्टीनें पाहिलें. नेमणूक बंद झाली. दत्तक पुत्र नानासाहेब याला ती मिळावयाची नाहीं. मृतानें एवढ्या वर्षांत अडीच कोटींच्या घरांत रक्कम घेतली आहे, तेवढी कुटुंबाला पुरे, असा निर्णय झाला. ड्यूकचें मरण सरकारी खर्चाच्या बाजूस पडलें, आणि पेशव्याचें बचतीच्या.

ड्यूकचा प्रेतरथ लंडनच्या चिखलांत रुतला त्या काळीं त्या शहरांत एक मराठी गृहस्थ राहत होते. सातारचे छत्रपति प्रतापसिंह यांना कंपनीनें १८३९ त पदच्युत केलें. त्यांच्यावरील अन्यायाची दाद मागण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि अर्ज करीत, पुस्तिका छापीत, सभासदांच्या दारीं खेटे घालीत सुमारें चौदा वर्षें तेथें राहिले. १८४७ त त्यांचे धनी काशीस वारले. १८४८ त सातारचें राज्यच खालसा झालें. धनी गेला, राज्य गेलें, तरी वकील वकिली सोडीना. १८५२ च्या नोव्हेंबरांत त्यांच्या या वकिलीला बारा वर्षें होऊन गेलीं होतीं. मागची चार वर्षें तर ज्या राज्याचे ते वकील होते तें राज्य नकाशावर नव्हतें.

ड्यूकच्या स्मारकाचें काम पुढें आल्फ्रेड स्टीव्हन्स या शिल्पकाराकडे गेलें. तो १८७५ त वारला तेव्हां तें अपुरेंच होतें, आणि माथ्यावरचा घोडेस्वार चढावयास १९१२ साल उजाडलें. प्रेतरथ कित्येक वर्षें सेंट पॉलच्या तळघरांत पडून होता. आतां तो ड्यूकच्या वंशजांच्या वाड्यांत स्ट्रॅटफील्ड से येथें आहे.

१८ नोव्हेंबरची यात्रा सेंट पॉलच्या दाराशीं संपली. तेथून पूर्वेस साधारण मैलभर चाललें म्हणजे लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीची कचेरी, ईस्ट इंडिया हाउस, लागत असे. रंगो बापूजींचे अर्ज तेथें जात; नानासाहेबाचा अर्जहि तेथेंच गेला. १८५३ त कंपनीच्या डायरेक्टरांनीं नानासाहेबाला कळविलें कीं, त्याच्या बापाची नेमणूक वंशपरंपरेची नव्हती व तिच्यावर त्याचा कांहीं हक्क नाहीं. त्याच सालाच्या अखेरीस रंगो बापूजी रिकाम्या हातीं बोटींत बसून परत निघाले.